नऊ हात

बँकेच्या वकिलानं खरेदीखत उलगडलं तेव्हा
टेबलावर वाळवीची माती सांडली
आणि एक वाक्य:
'खरीददार अगर त्याचे वारस सदरहू जागेवर
नऊ हातांहून उंच बांधणार नाहीत,
कारण उत्तरेस विकणाराचा ताणा
उन्हात पसरलेला असतो.'

सन सत्तावन. मौजा आंधळगाव.
विकणार सदोबा हेडाऊ, धंदा विणकाम.
घेणार माझे आजेसासरे,
गावोगाव चिठ्ठ्या वाटणारे, स्वतःला एकही न आलेले.

ताणा आता कुठंय साहेब, मी म्हटलं.
शेवटचा माग भंगारात गेला त्याला बारा वर्षं झाली.
त्याची फणी तेवढी आमच्या कुंपणाला आहे,
तिच्यावर कारल्याचा वेल चढलाय.
वकील म्हणाले, ताणा गेला तरी अट जात नाही,
अट जमिनीसोबत चालते.
जमीन तर जागची हलत नाही,
पण हे मी मनात म्हटलं.
पोरीला वरची खोली कबूल केली होती,
दाराला आतून कडी असलेली.

मग नागपूरहून विम्याचा टोपले आला,
हेल्मेट काखेत, घाम पुसत.
एकदाच हप्ता भरा, म्हणाला,
उद्या हेडाऊंपैकी कोणी कोर्टात गेलं
तर वकील कंपनीचा, भरपाई कंपनीची,
भिंत पाडायची वेळ आली तर तो खर्चही कंपनीचा.
फक्त शेजारी याबद्दल बोलायचं नाही.
त्यांना तुमच्यामुळे अट आठवली
की पॉलिसी संपली.

म्हणजे दशोदाबाईच्या विसरण्यावर
आमची माडी उभी राहणार होती.

दर मंगळवारी मी तिचा रक्तदाब बघते,
सरकारी नोकरी म्हणून नाही, शेजार म्हणून.
त्या मंगळवारी तिनं भिंतीवरून
लाखोळीच्या वड्यांची ताटली दिली.
"वाळू काहून आनली वं?"
संडासाची दुरुस्ती, मी म्हटलं.
वडा गरम होता. जीभ पोळली.

पौषात नवऱ्यानं गच्चीवर बांबू उभे केले,
नव्या भिंतीच्या उंचीनं त्यावर चादर ताणली,
सहज, बघू तरी.
तीन वाजता सावली अंगणभर सरकत गेली,
तुळस ओलांडली, नांद ओलांडली
आणि बाजेवर चढली
जिथं दशोदाबाई रोज गुडघे शेकत बसते.
तिनं वर पाहिलं नाही.
बाज हातभर पुढं ओढली. थोड्या वेळानं
आणखी हातभर.

रात्री मी कंपनीचा फॉर्म भरायला घेतला.
नाव, गट क्रमांक, चतुःसीमा.
प्रश्न चौथा: सदर अटीबाबत आपण
कोणाशी चर्चा केली आहे काय?
पेनाची शाई चांगली होती. हातच थांबला.

सकाळी रिकामी ताटली परत द्यायला गेले.
रिकामी द्यायची नसते म्हणून मूठभर साखर घातली,
आणि साखरेसोबत सगळं सांगून टाकलं.
सत्तावन साल, नऊ हात, टोपले,
संडासाचं खोटं, बांबूवरची चादर.

ती बराच वेळ साखर बोटानं चाळत राहिली.
मग म्हणाली,
"नव हात, पन कोनाचे?
सासरा माहा बुटका होता.
त्याच्या हातानं मोजशीन
तं तुमचं घर आत्ताच उंच हाये."

हसली नाही. उठली.
कोपरापासून मधल्या बोटापर्यंत
आपला सुरकुतला हात आमच्या भिंतीला लावला.
"आन खडू. मी मोजतो, तू खुना कर."

टोपलेचा फोन वाजतो आहे घरात.
पोरगी गच्चीवरून वाकून विचारते, काय चाललंय?
मी खडू धरून उभी आहे.
पाच हात झाले.
सहाव्याला तिचा हात पुरत नाही,
स्टूल आणावं लागेल.